यंत्र मिळाले, तपासले, सुस्थितीत आहे

उजैरला हवी होती फक्त एक कांडी. बोटाएवढी जाड, वीतभर लांब, टोकाला नखाहून लहान स्फटिक. ती पाण्यात बुडवली की त्या पाण्यात फ्लोराइड किती आहे ते यंत्राच्या पडद्यावर आकड्यात दिसतं. यंत्र होतं, जुनं पण इमानी होतं. कांडी तेवढी मेली होती. शास्त्रात तिला इलेक्ट्रोड म्हणतात. ऑफिसात तिला "उजैरचं कांडीचं प्रकरण" म्हणत. सरकारी कामात एखाद्या वस्तूला 'प्रकरण' म्हणायला लागले की त्या वस्तूची आशा सोडावी, हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

ऑफिस म्हणजे पाणी तपासणारी एक सरकारी प्रयोगशाळा. नाव सांगून उपयोग नाही, कारण पाटीवरचं अर्धं नाव पुसलेलं आहे आणि उरलेलं कुणी वाचत नाही. उजैर तिथे कनिष्ठ रसायनतज्ज्ञ. एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि एक वाईट खोड: न पाहिलेला आकडा लिहायचा नाही. कॉलेजात प्रयोग फसला की बाकीची मुलं शेजारच्याच्या वहीतून आकडे उचलायची. हा पठ्ठ्या "वाचन मिळाले नाही" असं लिहून खाली सही करायचा. त्याबद्दल त्याला गुण कमी पडत आणि तो ते अभिमानाने घरी सांगत असे.

फेब्रुवारीत मनकर्णाबाई आल्या. पिशोरच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीत त्या मदतनीस. बसने, मांडीवर पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या.

"सायेब, बोरचं पाणी हाय. पोरं पितेत. दात बगा म्हनलं तर समद्यांचे दात तपकिरी. आधी वाटलं गुळ खातेत. पर गुळ कुठला एवढा?"

उजैरने त्यांच्या मोबाइलवरचे फोटो पाहिले. रांगेत उभी केलेली, 'आ' केलेली पोरं. दातांवर आडवे तपकिरी पट्टे. त्याला पाहताक्षणी कळलं काय असावं; पण 'असावं' हा काही आकडा नव्हे. तो म्हणाला, "मावशी, आठ दिवसांत सांगतो."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तो पाथ्रीकर साहेबांकडे गेला. राजेंद्र पाथ्रीकर, प्रयोगशाळेचे प्रमुख, अत्यंत सज्जन माणूस. कुणालाच 'नाही' म्हणत नसत, सरिता मॅडमकडे पाठवत. सरिता मॅडम लेखा शाखेत. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"कांडी म्हणजे दुरुस्ती. दुरुस्तीच्या शीर्षात पैसा नाही."

"मग कशात आहे?"

"यंत्रसामग्रीत. आत्ताच आलाय. वर्षभर मागत होतो तेव्हा नाही, आता मार्च तोंडावर आल्यावर धो धो. एकतीस तारखेपर्यंत खर्च नाही झाला तर परत."

"मग त्यातून कांडी घ्या ना."

"कांडी यंत्र आहे का?"

"यंत्राचा भाग आहे. खरं तर मॅडम, मोजते तीच, बाकीचा नुसता पडदा..."

"भाग म्हणजे दुरुस्ती," मॅडम म्हणाल्या. मग त्यांना त्याची दया आली. "अख्खं यंत्र मागा की. सोबत कांडी येतेच."

रंग पाहून फ्लोराइड ओळखायची जुनी पद्धत होती, पण तिच्या रसायनाची मुदत संपलेली, आणि रसायनांचं शीर्ष वेगळं, तेही रिकामं. तेव्हा एका बटणासाठी नवा सदरा शिवावा, तसा उजैरने नव्या यंत्राचा प्रस्ताव केला. मनाला पटलं नाही. पण आठ दिवस केव्हाच उलटले होते.

प्रस्ताव साहेबांनी वाचला आणि कपाळाला हात लावला. "एकच यंत्र? अरे, एवढ्यानं काय खर्च होणार? उरलेला पैसा परत गेला तर वरून विचारतील, गरज नव्हती तर मागितला कशाला? पुढच्या वर्षी निम्माच देतील." म्हणून यंत्राचा संच झाला. यंत्राला टेबल, टेबलाला कपाट, कपाटाला स्टॅबिलायझर (कपाटाला स्टॅबिलायझर कशाला, हे विचारायचं नसतं), आणि चाकांच्या फिरत्या खुर्च्या. प्रत्येक वस्तूचं तांत्रिक समर्थन लिहायचं काम अर्थात उजैरकडे. खुर्च्यांपाशी तो बराच अडला. शेवटी त्याने लिहिलं: "अचूक मापनासाठी निरीक्षकाची दृष्टी यंत्राच्या पडद्याच्या समांतर पातळीत असणे आवश्यक असल्याने उंची बदलता येणारे आसन प्रस्तावित आहे." साहेबांनी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. उजैरला, खोटं कशाला, बरं वाटलं. आपल्याला हेही जमतं, असं वाटलं. घसरगुंडीवरचं पहिलं पाऊल नेहमी असं कौतुकाचंच असतं.

तीन दरपत्रकं आली. एक सत्यमशेठचं, एक त्याच्या बायकोच्या नावच्या दुकानाचं आणि एक त्याच्या मेव्हण्याचं. तिन्ही एकाच प्रिंटरवर काढलेली, कारण तिन्हींवर उजव्या बाजूला शाईची तीच पुसट रेघ होती. सत्यमशेठचंच सर्वांत कमी निघालं, याचं सर्वांना समाधान वाटलं. सत्यमशेठ जानेवारीपर्यंत ताडपत्री विकत असे. मार्चमध्ये तो वैज्ञानिक उपकरणांकडे वळे.

उजैरचं घर शहागंजात, चमनची बाग ओलांडली की मागच्या गल्लीत. त्या गल्लीत प्रयोगशाळा म्हणजे काय याबद्दल एकमत नव्हतं. कुणी तुपाची डबी घेऊन येई, कुणी दुधाची पिशवी. एकीने तर सुनेचा चहा तपासायला आणला होता. त्याची अम्मी, बिल्किस, सर्वांकडून सर्व घेऊन ठेवी. "मेरा बेटा देखेगा," असं म्हणे. शेजारी निजामुद्दीन चाचा. कोषागारातून निवृत्त झालेले. सारी नोकरी त्यांनी मार्चमध्येच काढली, असं ते सांगत, कारण बाकीचे महिने त्यांच्या लक्षातच नव्हते.

"चाचा, यंत्र येण्याआधी पावतीवर सही मागितली तर?" उजैरने सहज विचारलं.

चाचांनी पान तोंडात सरकवलं. "मांगेंगे नहीं, बेटा. चाय पिलाएंगे, फिर मांगेंगे."

"मग करायची का नाही?"

"मेरी सुन. कलम ढीली पकड़. 'माल मिला' इतनाच लिख, और दस्तखत ऐसी कर के बाद में तेरेकूच पढ़ने नक्को आना."

उजैर हसला. त्या सल्ल्यात किती वर्षांचा अनुभव होता हे त्याला कळायला अजून अवकाश होता.

एकतीस मार्चला ऑफिसला लग्नघरासारखी कळा होती. सरिता मॅडमच्या टेबलापाशी रांग, प्रिंटर तापून बंद पडलेला, त्याला बन्सीमामा, म्हणजे ऑफिसचे शिपाई, पुठ्ठ्याने वारा घालत होते. दुपारी साहेबांनी उजैरला आत बोलावलं. चहा आला. सोबत बिस्किटं आली. चाचांनी बिस्किटांचं सांगितलं नव्हतं. प्रकरण त्यांच्या अंदाजाहून मोठं होतं.

"ही पोचपावती. तांत्रिक माणसाची सही लागते."

"पण सर, यंत्र कुठंय?"

कोपऱ्यात बसलेला सत्यमशेठ पुढे झाला. "निघालंय सर, पुण्याहून. वाळूजपर्यंत आलं समजा."

"मग येऊ द्या. पाहतो, तपासतो आणि करतो सही."

साहेबांनी दार लोटलं. आवाज खाली आणला. त्यात धमकी नव्हती, खरोखरीची काळजी होती, आणि तेच वाईट झालं. "उजैर, आज सही नाही तर बिल नाही. बिल नाही तर पैसा परत. पैसा परत तर यंत्र नाही. यंत्र नाही तर तुझ्या त्या बाईंच्या पोरांचं काय? मी माझ्यासाठी बोलतोय का?"

ते स्वतःसाठी बोलत नव्हते, हे खरं होतं. उजैरच्या डोळ्यांपुढे 'आ' केलेली रांग आली. तो म्हणाला, "पेन द्या."

आता बाकीच्या जगात माणूस 'माल मिळाला' लिहून मोकळा होतो. उजैरला ढिसाळ लिहिता येत नव्हतं. त्याने यंत्राचं माहितीपत्रक मागवलं. त्यातून मॉडेल उतरवलं. चित्रातल्या यंत्राच्या पाठीवर एक बारीक पट्टी होती, ती भिंगाखाली धरून तिच्यावरचा क्रमांक उतरवला. मापनाची अचूकता किती, तेही लिहिलं. आणि हात चालूच होता म्हणून शेवटी लिहिलं: "यंत्र मिळाले. प्रमाणित द्रावणावर तपासले. वाचन समाधानकारक. यंत्र सुस्थितीत आहे." खाली सुवाच्य सही. खोटंच लिहायचं होतं तर निदान गबाळं लिहायला हवं होतं, असं त्याला पुढे कितीदा वाटलं. पण त्या क्षणी ते इतकं नीट उतरलं होतं की घटकाभर त्यालाच यंत्र पाहिल्यासारखं झालं.

एप्रिल लागला. यंत्र वाळूजलाच राहिलं. सत्यमशेठ फोनवर आधी "उद्या" म्हणे, मग "परवा", मग त्याच्या मागे घंटानाद ऐकू यायला लागला आणि तो "सर, दर्शनाच्या रांगेत आहे" म्हणे. कपाट आलं, टेबल आलं, खुर्च्या तर तत्परतेने आल्या. ज्याची गरज नव्हती ते सगळं वेळेत आलं. शेवटी एक भलं मोठं खोकं आलं. त्यावर चिकटवलं होतं: 'सील तोडू नये. कंपनीच्या इंजिनिअरसमोरच उघडावे.' इंजिनिअरला बोलवायचं काम सत्यमशेठचं होतं, आणि सत्यमशेठ दर्शनाच्या रांगेत होता.

उजैरने शहाणपणा करून पुन्हा जुन्या यंत्राच्या कांडीचा अर्ज दिला. आता नवं वर्ष होतं, दुरुस्तीत थोडे पैसे आले होते. सरिता मॅडमनी अर्ज परत दिला. "नवं कोरं यंत्र असताना जुन्याची दुरुस्ती? आक्षेप निघेल."

"मॅडम, नवं यंत्र आलंय कुठं?"

"आलंय ना. तुम्हीच तपासलंय." त्या टोमणा मारत नव्हत्या. कागदात जे असेल तेच त्या बोलत. फेब्रुवारीत उजैरकडे एक मेलेली कांडी आणि एक रास्त मागणी होती. आता कांडी मेलेलीच होती आणि मागणीही उरली नव्हती.

पुढची गोष्ट सांगताना उजैरचे कान आजही लाल होतात. त्याची पोचपावती वरच्या कार्यालयात कुणाला तरी फार आवडली. इतकी काटेकोर पोचपावती त्यांनी पाहिलीच नव्हती. तिची प्रत सर्व जिल्ह्यांत 'नमुन्यादाखल' पाठवण्यात आली आणि सोबत कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी ते फलकावर लावलं. अम्मीने गल्लीत बातमी दिली की बेट्याचं लिखाण आता महाराष्ट्रभर वाचतात. हिशेब तपासनीस आले, त्यांनी नव्या खुर्च्यांवर बसून ती पावती वाचली. "असं काम असावं," म्हणाले. खोकं त्यांच्या पाठीमागेच होतं. ज्या कागदावर इतका तपशील आहे, त्याच्यासाठी मान कोण वळवणार?

मनकर्णाबाई पुन्हा आल्या. नवी बाटली. खोक्याकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आलं व्हय मशीन?"

"आलं. म्हणजे... उघडायचंय अजून."

"मग उघडा की! आमच्या गटाचं शेवयाचं मशीन आलं तवा दम निघंना, पोरींनी दातानं खोकं फोडलं." त्या हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "धाकटी नात बी आता तिथंच येती, सायेब. म्हनून इचारते."

उजैरने बाटलीवर नाव, तारीख, जागा लिहून ती रांगेत ठेवली. चिठ्ठी नेहमीसारखी व्यवस्थित होती.

मे महिन्यात शहर भट्टीसारखं तापलं. एका दुपारी उजैर बिडकीनकडचे नमुने घेऊन परतला आणि दारातच थबकला. ऑफिस गार होतं. साहेब डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसले होते, सरिता मॅडमचे कागद फडफडत होते, आणि मधोमध, फाडलेल्या खोक्याशेजारी, एक भला दांडगा कूलर घरघरत होता.

"इंजिनिअर काही यीना," बन्सीमामा म्हणाले. "म्हनलं बघू तरी आत काय हाय."

सत्यमशेठला फोन लावला. या वेळी त्याने उचलला. "सर, ते तात्पुरतं आहे. रिकामं खोकं कसं पाठवणार? वजन लागतं ना! यंत्र येतंच आहे, मग कूलर परत न्यायचाय, जरा जपून वापरा."

उजैर बोलणार होता. पण त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. नमुन्यांच्या बाटल्या धुऊन, उलट्या करून, ओळीने वाळत ठेवल्या होत्या.

"मामा, यातलं पाणी?"

"नळाला कुठंय पानी आज? हिच्यात टाकलं," मामांनी कूलरची टाकी दाखवली. "वाया नाय घालवलं."

नोकरी लागल्यापासून उजैर पहिल्यांदा ओरडला. काय ओरडला ते त्यालाही आठवत नाही. साहेबांनी डोळे उघडले आणि समजुतीने म्हणाले, "अरे, असं काय करतोस? तपासता तरी कुठं येत होतं आपल्याला ते?"

उजैर तसाच बाहेर पडला, मोटारसायकलला किक मारली आणि उन्हात पिशोरच्या रस्त्याला लागला. वस्तीवरच्या बोरचं पाणी त्याने स्वतः भरलं. मनकर्णाबाईंनी ताक दिलं. आधीच्या बाटल्यांचं काय झालं हे त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन तो विद्यापीठात निशा मॅडमकडे गेला. त्यांनी त्याला शिकवलं होतं. कांडी पाण्यात बुडवली, आकडा थोडा हलला, स्थिरावला. किती साधं होतं ते! चहा निवायच्या आत झालं. फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीच्याही वर होतं.

मॅडम म्हणाल्या, "हे फेब्रुवारीतच आणायचं नाहीस का?"

उजैरला फेब्रुवारीत हे सुचलंच नव्हतं. आपल्या प्रयोगशाळेचं काम आपल्या प्रयोगशाळेत व्हावं, असं त्याला वाटलं होतं. तेवढ्या वाटण्यात पोरं सारा उन्हाळा ते पाणी प्यायली होती.

त्याने मनकर्णाबाईंना फोनवर सांगितलं. "मला वाटतच व्हतं. आता कागद द्या, सायेब. कागदाबिगर टँकर नाय देत तालुक्याला."

उजैरने अहवाल लिहिला. 'वापरलेले यंत्र' या रकान्यापाशी आल्यावर त्याने जुन्या सवयीने खरं लिहिलं: "या प्रयोगशाळेत यंत्र उपलब्ध नाही. नमुना विद्यापीठात तपासला." साहेब रजेवर होते ते बघून, स्वतःच आवक-जावक करून, पाठवून दिला. त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

अहवाल वरच्या कार्यालयातून परत आला. शेरा असा: "प्रयोगशाळेत यंत्र उपलब्ध असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. बाहेरील संस्थेचा अहवाल ग्राह्य धरता येत नाही. यंत्र क्रमांकासह फेरअहवाल सादर करावा." यंत्राची नोंद नेमकी कशी करावी हे त्याला कळावं म्हणून सोबत मार्गदर्शनार्थ एक नमुना जोडला होता. उजैरच्या हस्ताक्षरातली, सुवाच्य सहीची, उजैरचीच पोचपावती.

संध्याकाळी तो ते सगळं घेऊन निजामुद्दीन चाचांच्या ओट्यावर बसला. चाचांनी दोन्ही कागद लांब धरून वाचले. पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही.

"सच्ची लिखके पूरा मामला खोलता क्या? खोल. हौ, खोलना चाहिए. लेकिन चौकशी बैठी तो बरस-दो बरस जाते. वो बच्चे तब तलक क्या पिएंगे, तेरी ईमानदारी?"

"आणि क्रमांक लिहिला तर?"

"टँकर आता. फिर तू कभीच नहीं खोल सकता. दो बार लिखा ना तूने."

उजैरने कागदांची घडी घालून ते खिशात ठेवले. पलीकडे आपल्या घरात अम्मी कुणाला तरी सांगत होती की बेट्याचं ऑफिसात नाव आहे, बढतीचं चाललंय. आकडा खरा होता. निशा मॅडमच्या कांडीने मोजलेला, डोळ्यांनी पाहिलेला आकडा. फक्त त्याला उभं राहायला खोट्या यंत्राचा आधार लागत होता. विज्ञानाच्या कोणत्याच पुस्तकात या अवस्थेला नाव नव्हतं.

सकाळी त्याने क्रमांक लिहिला. या वेळी माहितीपत्रक काढावं लागलं नाही. पाठ झाला होता.

टँकर आला. तालुक्याचं काम एरवी इतक्या लवकर होत नाही. पण अहवालात त्रुटी नव्हती. मनकर्णाबाईंचा फोन आला तेव्हा मागे भांड्यांचा आणि पोरांचा एकच गलका चालला होता.

"सायेब, पानी आलं! गोड हाय बगा. तुमच्या त्या मशीनचे लई उपकार. खंडेनवमीला तिला एक हार घाला माझ्याकडनं. तुमच्यात चालत नसंल तर शिपायाला सांगा."

"मावशी..." उजैर म्हणाला. तो सांगणार होता. खरंच सांगणार होता.

"आन ऐका, शाळा सुरू झाली की पोरांना घेऊन येते तिकडं. बगू द्या त्यांना बी, कुन्या मशीनीनं सांगितलं ते. ती धाकटी तर म्हनती, मी बी मोठी हून मशीनच चालवीन. कवा येऊ सांगा."

कूलर घरघरत होता. सरिता मॅडम नव्या वर्षाच्या मागणीचे कागद लावत होत्या. उजैरच्या तोंडून उत्तर इतकं सहज निघालं की ते या ऑफिसात त्याच्या आधी किती जणांच्या तोंडून असंच निघालं असेल, हे त्याला ऐकू आलं.

"मार्चनंतर या, मावशी," तो म्हणाला.